चार बोटांची गिऱ्हाईकं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बोटं सुलटी करणं.

हातमोजा उलटा शिवतात, म्हणजे शिवण आतल्या अंगाला राहते. शिवून झाला की एकेक बोट ढकलून सुलटं काढावं लागतं. त्यासाठी तिच्याकडं लोकर विणायची एक जुनी सुई होती, टोक घासून बोथट केलेली. मी मोजा धरायचा, तिनं सुई घालायची. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. दारात ऊन आलं होतं. तिनं एक बोट काढलं, दुसरं काढलं, तिसऱ्यापाशी थांबली. तिसरं अर्ध्यातच शिवून बंद केलेलं होतं, कारण ज्याचा मोजा होता त्याचं तेवढंच उरलं होतं. तिनं ते हळू बाहेर ढकललं आणि वरून अंगठा फिरवला, लेकराचं नाक पुसावं तसा.

"कुणाला तरी लागतच असंल की," ती म्हणाली.

हे ती दिवसातून दहा वेळा म्हणायची. त्या दिवशी मात्र ते तिचं शेवटचं धड वाक्य ठरलं. छातीत भरून आलं म्हणाली, समोरच्या बाईंनी गाडी काढली, दवाखाना येईपर्यंत सगळं संपलं होतं. गाडीत ती "पाणी द्या" एवढंच बोलली, पण ते कुणीही बोलतं. ते मी धरत नाही.

तिचं नाव मी लिहिणार नाही. आमच्यात नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती. मी "अगं" म्हणायचो, ती "ऐका की" म्हणायची, चव्वेचाळीस वर्षं त्यावर भागलं. आता नाव घ्यायला लागलो तर तिलाच कळायचं नाही की मी कुणाला हाक मारतोय.

आम्ही करमाडकडचे, शेतीतले. शेत भावाकडं राहिलं आणि मी शहरात आलो. चिकलठाण्याला एका कारखान्यात पॉवर प्रेसवर लागलो. पत्रा सरकवायचा, पाय दाबायचा, हात काढायचा. एक दिवस उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आतच राहिलं. चूक माझी का मशीनची, हे मी तेव्हाही बोललो नाही. तुमच्या ओळखीत असा एखादा असेलच. आमच्या शहरात पत्रा दाबून पोट भरणारे लई, आणि त्यातले चारदोन हात मागं धरून चालतात. तुमच्या ध्यानात आलं नसेल. ते येऊ देत नाहीत.

तेव्हापासून माझा उजवा हात खिशात राहायला गेला. लग्नात, मयतीत, देवळात. कुणी हात जोडले तर मी नुसती मान हलवायचो. लोकांना वाटायचं, माणूस मिजासखोर आहे. वाटू दिलं. हिनं माझ्या सगळ्या लेंग्यांना उजवा खिसा कोपरभर खोल शिवला. त्याबद्दल ती कधी काही बोलली नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

सपनात मात्र माझी पाचही बोटं असायची. सकाळी चहा गाळताना ती विचारायची,

"आज किती होती?"

"पाच."

"काय करत होतात?"

"बैलाच्या दाव्याची गाठ सोडत होतो."

"मग सुटली?"

"जाग आली."

"उद्या सुटंल," म्हणायची आणि कप माझ्या डाव्या हाताशी ठेवायची.

ती शिवणकाम करायची. गल्लीतल्या बायांचे झंपर, लेकरांची झबली. पुढं सगळ्या तयार कपडे घ्यायला लागल्या आणि मशीनवर चादर पडली. हिला रिकामं बसणं म्हणजे आजार. समोर एक बाई राहतात, बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्याच. बोलणं एकदम शुद्ध, कायम इस्त्रीची साडी. त्या म्हणाल्या, "मावशी, ऑनलाइन विका. मी तुम्हाला फोनवर दुकान मांडून देते."

हिनं लगेच शेवया करायचं ठरवलं. बाईंनी फोनवर शेवया असं लिहिलं आणि फोन हिच्या हातात दिला. ही अंगठ्यानं वर सरकवत राहिली. शेवयाच शेवया. पांढऱ्या, नाचणीच्या, पालकाच्या, पुडीवर आजीचा फोटो असलेल्या.

"अगं बया, संपतच नाय! इतक्या जणींनी शेवया केल्या तर खातंय कोण?"

"म्हणूनच सांगते," बाई म्हणाल्या. "आधी गिऱ्हाईक शोधा, मग माल करा. असं गिऱ्हाईक, ज्याच्याकडे दुसरं कुणी बघतच नाही."

"ज्याच्याकडं कुणी बघत नाय," हिनं तेवढंच उचललं आणि घरी आली.

मग आठ-पंधरा दिवस ती बाजारातून, बसस्टॉपवरून असलं गिऱ्हाईक हुडकत फिरली. क्रांती चौकात सिग्नलला उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडं टक लावून बघायची. मी म्हणायचो, लोक तुला वेडी समजतील. तिनं पहिला माल काढला तो मिक्सरचा. मिक्सरला झालरीचा सदरा. "मिक्सर उघडा राहतो बिचारा. कुणाला तरी लागतच असंल की." दोन विकले गेले. एक समोरच्या बाईंनी घेतला, दुसरा त्यांच्या बहिणीनं. तिसरा आमच्या मिक्सरला आहे, अजून.

गिऱ्हाईक सापडलं ते माझ्या पडण्यानं.

पौषात मी सकाळीच स्कूटरवर करमाडला भावाकडं निघालो होतो. थंडी लई, म्हणून हातमोजे घातले. मोज्याला बोटं पाच आणि मला तीन. मोकळी दोन वाऱ्यानं फडफडत होती. वळणावर ब्रेक दाबला तर एक रिकामं बोट दांडीत अडकलं, हात सुटेना, मी आडवा. गुडघे फुटले. घरी आल्यावर तिनं आधी गुडघे पुसले, मग मोजा हातात घेऊन उलटासुलटा बघितला.

"तुम्हाला मोज्यानं पाडलं," ती म्हणाली. तिथंच कात्री घेऊन दोन्ही रिकामी बोटं कापली, मापानं शिवून बंद केली, धुऊन दोरीवर टाकला.

दोरीवरचा तो मोजा समोरच्या बाईंनी बघितला. त्यांनी फोटो काढला आणि मिक्सरच्या सदऱ्याशेजारी फोनवरच्या दुकानात टाकला. मला कुणी विचारलं नाही. कळलं तेव्हा मी ताटावरून उठलो.

"माझी बोटं गेली हे साऱ्या मुलखाला सांगितलंस?"

"मोजा दाखवला. तुमचं नाव कुठं लिहिलंय त्याच्यावर?"

"माझं गेलेलं बोट विकायला काढायचं नाय, सांगून ठेवतो."

दोन दिवस मी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. वाळूजचा एक जण होता. मग पुण्याकडचा. मग कुठल्या तरी लांबच्या गावचा, हिंदी बोलणारा. "अम्मा, मेरी तो बीच की नहीं है, बन जाएगा?" ही आपल्या इकडच्या हिंदीत म्हणाली, "हौ बेटा, बन जाता. फिकर नक्को." फोन ठेवून माझ्याकडं बघत राहिली. डोळे भरलेले आणि तोंडावर हसू. मला कळलं, आता हिला कुणी थांबवणार नाही.

मापाची रीत तिनं काढली. कागदावर हात ठेवायचा, भोवती पेन फिरवायचं, कागदाचा फोटो आणि मनगट ते सगळ्यात लांब बोटाचं टोक, किती इंच ते कळवायचं. बाई तो फोटो त्याच मापात छापून आणायच्या. पुठ्ठा कापायचं काम मी घेतलं, पडद्यामागं बसून. ओळीवर कापणं मला येतं, साऱ्या जिंदगीत तेच केलं. ती शिवायची. मला एवढंच करायचं होतं. फोनवर मी यायचं नाही आणि दारात कुणी आलं तर मी घरात नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

छापलेले कागद ती दोरीला चिमट्यानं लावायची. दुपारी पंखा लावला की साऱ्या खोलीत हात हलायचे. चार बोटांचे, तीन बोटांचे, एक नुसत्या अंगठ्याचा. जेवण करून मी आडवा पडायचो, डोळे अर्धे मिटलेले, आणि वाटायचं की स्टेशनवर गाडी सुटतेय आणि खिडकीखिडकीतून कुणी कुणी निरोप घेतंय. कुठल्या गावची माणसं, कधी बघितली नाहीत. ती मशीन थांबवून एक कागद उतरवायची, मांडीवर घ्यायची, त्याच्यावर आपला तळवा टेकवायची आणि डोळे मिटून बसायची.

"काय करतीस?"

"ओळख करून घेते."

मग सांगायची, हा चहा लई पितो. हिला तीन लेकरं. हा रागीट हाय, बघा कसं पेन दाबलंय. मी हसायचो. पण ती डोळे मिटून बसली की मीही आवाज करत नव्हतो. कात्री खाली ठेवायचो. पंख्याखाली ती, मांडीवर कुणाचा तरी हात. तसं किती वेळ जायचा, कुणास ठाऊक.

एकदा मोठी चूक झाली. लासूर स्टेशनचा एक माणूस, कापसाच्या कारखान्यातला. मोजा पोचला आणि फोन आला.

"ताई, माझ्या चांगल्या हाताचं बोट कापलंत की तुम्ही!"

हिनं त्याचा कागद हुडकून काढला आणि त्याला एकेक विचारत गेली. मग उलगडलं. त्याला तळहातावर जखमेचा व्रण होता, हात पालथा टेकला की दुखायचं. म्हणून त्यानं उताणा ठेवून रेघ मारली. आम्ही पालथा समजलो. उजव्याचा डावा झाला. त्या दिवसापासून तिनं सगळ्यांना सांगायला सुरुवात केली, हात पालथाच ठेवा, आणि रेघ मारून झाली की बोटांवर नखं काढा, म्हणजे आम्हाला बाजू कळंल. गडीमाणसं नखं काढून पाठवायला लागली. कुणी वेलांटीसारखी, कुणी चौकोनी. एकाच्या बायकोनं लाल रंगवून पाठवली.

तो लासूरचा माणूस मात्र स्वतः आला. दाराजवळच्या खुर्चीत बसला. उजव्या हातावर रुमाल.

"दाखवा की भाऊ," ही म्हणाली.

"नको ताई. अंदाजानं करा."

"अंदाजानं केलं की एकदा. तुमचा चांगला हात कापून बसले."

तो हसला, पण रुमाल हलला नाही. ही चहा टाकायला म्हणून आत आली आणि पडद्यामागं माझ्यासमोर उभी राहिली. हळू आवाजात म्हणाली, "ऐका की. बाहेर या. काही बोलू नका. नुसता त्याच्यासमोर उजव्या हातानं चहा प्या."

"मी नाय येत."

"एक कप."

"नाय म्हणलं ना."

ती दोन कप घेऊन गेली. मला बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. त्याच्या बशीचा आवाज, हिचं "अजून घ्या", त्याचं "पुन्हा येतो कधी". अर्धा कप टाकून तो गेला. माप दिलंच नाही. पुन्हा आलाही नाही.

मी पडद्याबाहेर आलो तेव्हा ती त्याचा कप धूत होती. चव्वेचाळीस वर्षांत ती माझ्यावर आवाज चढवून कधी बोलली नाही. तेव्हाही चढवला नाही.

"त्याला माझी सुई नको होती," ती म्हणाली. "तुमचा हात पाहिजे होता. घरात होता, आणि दिला नाय."

समोरच्या बाईंना तिनं हे सांगितलं असावं. त्या मला गच्चीवर गाठून म्हणाल्या, "काका, मावशींचं गिऱ्हाईक सापडलंय, नाही असं नाही. ते लाजतंय. दहा जण फोन करतात, त्यातले सहा जण बोट कोणतं ते सांगायच्या आधीच ठेवतात. तुम्ही एकदा बोललात तर..." मी कपडे वाळत घालत राहिलो.

त्यानंतर फोन वाजला आणि पलीकडचा माणूस अडखळला, की ही फोन माझ्याकडं धरायची. शब्द नाही, नुसता हात लांब करायची. मी मान हलवायचो. ती फोन परत कानाला लावायची आणि "हां भाऊ, बोला, मी हाय," म्हणायची. वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं. ती धरायची थांबली नाही आणि मी मान हलवायचा थांबलो नाही. मला वाटायचं, होईल कधीतरी. घाई काय आहे. ती कुठं जातेय.

एकदा एका कॉलेजातल्या पोरीचा कागद आला. गाडीवर ऊन लागतं म्हणून पोरी घालतात तसला मोजा तिला पाहिजे होता. चार बोटांभोवती सरळ रेघ, आणि जे नव्हतं ते तिनं ठिपक्याठिपक्यांनी काढलं होतं. त्यालाही नख. ही तो कागद घेऊन दारात बसली, सांज होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी तिनं ठिपक्यांचं बोट कापूस भरून शिवलं. तीनदा उसवलं. कापूस लई झाला की बोट ताठ राहतं, कमी झाला की पडतं. महिन्याभरानं त्या पोरीनं फोटो पाठवला, मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकलेला, खाली लिहिलेलं, मावशी, ओळखा कुठलं. मी बघितलं, मला ओळखू आलं नाही. हिनं चष्मा लावला, फोन जवळ घेतला, लांब धरला.

"हे," म्हणाली. "हे वाकलं नाय." आणि इतकी खूश झाली की त्या दिवशी दोनदा चहा केला.

मला विचाराल तर धंदा म्हणून तिला काय कळत होतं, मी सांगू शकत नाही. बाई म्हणतात की मोठमोठ्या कंपन्या असलं गिऱ्हाईक शोधायला माणसं नेमतात. ही सिग्नलला उभी राहून बघायची, बस. जिथून बाकीचे नजर काढून घेतात तिथं तिची नजर थांबायची. माझ्याकडंही ती तशीच बघत आली असणार. मी खिशात हात घालून उभा होतो आणि मला वाटत होतं, काही दिसत नाही.

ती गेली त्याच दिवशी ऊन उतरायच्या आत सगळं उरकलं. करमाडचे लोक आले, पुण्याहून लेक आली. मला फारसं आठवत नाही. खांदा देताना कुणीतरी म्हणालं, "दादा, दोन्ही हातांनी धरा." मी धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं होतं. सुतकामुळं आमचा गॅस बंद, समोरच्या बाईंनी सगळ्यांसाठी चहा आणला होता. तेवढ्यात मशीनवर ठेवलेला तिचा फोन वाजायला लागला. भाऊ म्हणाला, "दादा, बंद कर बरं तो. आज कुठं धंद्याचं बोलायचं?" वाजून थांबला. परत वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी तो उचलला आणि जिन्यानं गच्चीवर गेलो.

"हॅलो, हातमोजेवाल्या ताई आहेत का?" बाप्या माणसाचा आवाज, दबका.

"नाय."

"कधी येतील?"

पाण्याच्या टाकीवर एक होला बसला होता. मी त्याच्याकडं बघत होतो.

"येणार नायत. काल वारल्या."

"अरे देवा. माफ करा हो, मला ठाऊक नव्हतं. ठेवतो मी."

मीही ठेवणारच होतो. कुठं दाबायचं ते सापडेना. तेवढ्यात माझ्या तोंडून गेलं, "कोणतं बोट?"

त्याच्याकडच्या रस्त्यावरून ट्रक गेला, तो ऐकू आला.

"काका, राहू द्या आज."

"कोणतं, ते सांगा."

"मधलं. आणि शेजारचं अर्धं."

"कधी?"

"दिवाळीनंतर."

"माझी दोन गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. लई वर्षं झाली."

त्यानं फोन ठेवला नाही. मग म्हणाला, "काका, एक विचारू? ताईंना विचारता आलं नसतं. ती बोटं... म्हणजे नाहीत ती... खाजतात का हो?"

"खाजतात."

"मला वाटलं माझंच डोकं फिरलं. घरात कुणाला बोललो नाही."

"डोकं ठिकाणावर हाय तुमचं. दुसऱ्या हाताची तीच बोटं खाजवायची. उतरतं."

तो खाजवत होता की काय, कोण जाणे. श्वास मोठा झाला होता.

"शिवणारी माझी बायको होती," मी म्हणालो. "आता कोण शिवंल ते मला ठाऊक नाय. पुठ्ठा मी कापतो. माप देऊन ठेवा."

"हात सपाट टेकत नाही, काका. कसा ठेवायचा तेच कळत नाही."

"व्हिडिओ लावता येतो का तुम्हाला? मला येत नाय."

कुठं दाबायचं ते त्यानं सांगितलं. मी डाव्या अंगठ्यानं दाबलं आणि फोन परत कानाला लावला.

"काका, तुमचा कान दिसतोय."

मी फोन कानापासून काढून डाव्या हातानं समोर धरला. उजवा हात खिशातून काढला आणि गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवला.

"असा ठेवा," मी म्हणालो.

तो बघत राहिला. मग पडद्यावर दुसरा हात आला.